वाइल्डलाइफ फोटोग्राफी आणि फिल्ममेकिंग शिकायचं कुठे? पनवेलच्या एका पदवीपासून ब्रिस्टलपर्यंतचे पर्याय समजून घ्या

काजव्यांनी लखलखलेलं झाड, गल्लीतून दबकत जाणारा बिबट्या, वाघिणीच्या मागे रांगेत चालणारे बछडे. मोबाइलवर असं काही आलं की स्क्रोल करणारं बोट थांबतं. मग कुणीतरी ठरवतं, 'आपल्यालाही हेच करायचंय.' बारावीचा निकाल लागलेला असतो, घरात फॉर्म भरायची घाई असते आणि आईवडिलांचे दोन साधे प्रश्न असतात. याची डिग्री मिळते कुठे? आणि ती घेऊन पोट भरतं का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कॅमेरा महाग आहे, परदेशातलं शिक्षण त्याहून महाग आहे आणि चुकीच्या कोर्सला घातलेली तीन वर्षं परत मिळत नाहीत. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी हे क्षेत्र नेमकं चालतं कसं, ते पाहून घेतलेलं बरं.

यासाठी एक उदाहरण मुंबईच्या वेशीवरच सापडतं, पनवेलमध्ये.

पनवेलची ऐश्वर्या श्रीधर कोण?

ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमनं 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या स्पर्धेचे निकाल जाहीर केले. १९६५ पासून सुरू असलेली ही स्पर्धा या क्षेत्रात सगळ्यात मानाची समजली जाते. त्या वर्षी जगभरातून जवळपास ५० हजार छायाचित्रं आली होती. त्यातून निवडलेल्या मोजक्या फोटोंमध्ये पनवेलच्या २३ वर्षांच्या ऐश्वर्या श्रीधरचा फोटो होता. नाव होतं 'लाइट्स ऑफ पॅशन'. भंडारदऱ्याच्या परिसरातलं, काजव्यांनी उजळून निघालेलं एक झाड आणि वर ताऱ्यांनी भरलेलं आकाश.

बातम्यांमध्ये 'हा पुरस्कार जिंकणारी पहिली भारतीय महिला' असं तिचं वर्णन झालं. इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. तिच्या फोटोला 'हायली कमेंडेड' हा सन्मान मिळाला, तो अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या वर्तनाच्या गटात. म्हणजे गटातला पहिला क्रमांक नव्हे, तर अंतिम निवडीतलं मानाचं स्थान. पण हजारोंच्या गर्दीतून इथवर पोहोचणं हीच मोठी मजल असते, आणि या स्पर्धेत निवडलेले फोटो प्रदर्शनातून जगभर फिरतात.

ऐश्वर्याची वाट विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे, कारण तिच्या पदवीवर 'वाइल्डलाइफ फोटोग्राफी' असं लिहिलेलं नाही. तिनं नवीन पनवेलच्या पिल्लई कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयातून मास मीडियाची पदवी घेतली. मुंबई विद्यापीठाशी संलग्न, आजूबाजूची शेकडो मुलं घेतात तशीच पदवी. जंगलाचं शिक्षण मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. शाळेत असतानाच तिला सँक्च्युरी एशियाचा 'यंग नॅचरलिस्ट' पुरस्कार मिळाला होता.

पुढे तिनं उरणच्या पाणजे पाणथळीवर 'पाणजे: द लास्ट वेटलँड' हा माहितीपट केला. २०१८ मध्ये तो दूरदर्शनवर दाखवला गेला. ताडोबाच्या माया वाघिणीवरच्या 'क्वीन ऑफ तारू' या फिल्मला न्यूयॉर्कच्या वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन फिल्म फेस्टिव्हलमध्ये हौशी गटात पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये तिला डायना अवॉर्डही मिळालं.

यातून एक गोष्ट दिसते. पदवीनं गोष्ट सांगायचं तंत्र दिलं आणि विषय जंगलानं आणि पाणथळीनं दिला. दोन्ही एकाच वर्गात मिळाले नाहीत.

मग भारतात याची वेगळी डिग्री नसते का?

आपल्याकडे अभियांत्रिकी किंवा नर्सिंगसारखी ठरलेली, सगळीकडे मिळणारी 'वाइल्डलाइफ फिल्ममेकिंग'ची पदवी हा रुळलेला मार्ग नाही. इथे या क्षेत्रात काम करणारे लोक साधारण तीन दारांतून आत आलेले दिसतात.

पहिलं दार माध्यमांचं. मुंबई विद्यापीठाचा जुना बीएमएम, म्हणजे आताचा बीएएमएमसी, हा त्यातला सगळ्यात जवळचा पर्याय. पटकथा, संपादन, पत्रकारिता, जाहिरात, थोडं छायाचित्रण असं सगळं त्यात थोडं थोडं शिकायला मिळतं. शेवटच्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यातलं एक निवडावं लागतं. फायदा असा की वन्यजीव क्षेत्रात काम मिळालं नाही तरी माध्यमांतल्या इतर नोकऱ्यांचं दार उघडं राहतं. तोटा असा की प्राण्यांविषयी यात काहीच शिकवलं जात नाही. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठातलं मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर हे याच प्रकारातलं नावाजलेलं नाव. दिल्लीतल्या घारी आणि त्यांना बरं करणारे दोन भाऊ यांच्यावर 'ऑल दॅट ब्रीद्स' बनवणारा शौनक सेन तिथलाच विद्यार्थी. ही फिल्म २०२३ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली.

दुसरं दार सिनेमाचं. पुण्याची एफटीआयआय १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झाली. तिथे दिग्दर्शन, सिनेमॅटोग्राफी, संकलन आणि ध्वनी यांचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश परीक्षेला बसू शकतो. इथे वन्यजीवांवर वेगळा विभाग नाही, पण कॅमेरा आणि प्रकाश यांचं जे कसून शिक्षण मिळतं ते जंगलातही उपयोगी पडतं. वन्यजीव माहितीपटांमधलं मोठं नाव असलेले नरेश बेदी हे याच संस्थेचे विद्यार्थी. त्यांच्या गंगेतल्या घडियालवरच्या फिल्मनं १९८४ मध्ये ब्रिस्टलच्या वाइल्डस्क्रीन महोत्सवात पांडा पुरस्कार मिळवला. या पुरस्काराला लोक 'ग्रीन ऑस्कर' म्हणतात. कोलकात्याची सत्यजित राय संस्था आणि अहमदाबादची एनआयडी हेही याच वाटेवरचे पर्याय.

तिसरं दार विज्ञानाचं. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात बीएस्सी, त्यानंतर देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राची एमएस्सी किंवा बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाची एमएस्सी. या जागा अगदी कमी असतात आणि स्पर्धा तगडी असते. इथे कॅमेरा शिकवणं हा मुख्य उद्देश नाही. पण प्राणी कधी, कुठे आणि का एखादी गोष्ट करतो हे ज्याला कळतं, त्याला कॅमेरा कुठे लावायचा हेही कळतं.

यांच्या जोडीला खासगी फोटोग्राफी संस्था आहेत. 'द एलिफंट व्हिस्परर्स'साठी २०२३ मध्ये ऑस्कर जिंकणारी कार्तिकी गोन्साल्विस उटीजवळच्या लाइट अँड लाइफ अकॅडमीत प्रोफेशनल फोटोग्राफी शिकली आहे.

परदेशात काय शिकवतात?

नेमकी याच विषयाची पदवी हवी असेल तर ब्रिटनचं नाव आधी येतं. त्यामागे कारण आहे. बीबीसीचं नॅचरल हिस्ट्री युनिट १९५७ पासून ब्रिस्टलमध्ये आहे. डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या आवाजातल्या, आपण पाहिलेल्या बहुतेक मालिका तिथे घडल्या. त्या एका विभागाभोवती निर्मिती कंपन्या, एडिटिंग स्टुडिओ, महोत्सव असं सगळं गाव उभं राहिलं. साहजिकच विद्यापीठांनीही कोर्स सुरू केले.

ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंडचा वाइल्डलाइफ फिल्ममेकिंगचा एमए बीबीसीच्या याच युनिटच्या सहकार्यानं घडवला गेला. कॉर्नवॉलमधल्या फॅलमथ विद्यापीठात मरीन अँड नॅचरल हिस्ट्री फोटोग्राफीची पदवी मिळते. तिथे समुद्राखालच्या छायाचित्रणापासून फील्डवर्कपर्यंत सगळं शिकवलं जातं. सॅल्फर्ड विद्यापीठातही वन्यजीव माहितीपटांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीचा विज्ञान आणि निसर्ग फिल्ममेकिंगचा एमएफए जुना आणि मान्यताप्राप्त आहे.

या कोर्सची खरी किंमत वर्गात शिकवल्या जाणाऱ्या तंत्रात कमी आणि ओळखींमध्ये जास्त असते. सोबतचा विद्यार्थी उद्या एखाद्या मालिकेत रिसर्चर होतो, पाहुणा म्हणून शिकवायला आलेला निर्माता पहिलं काम देतो. पण शुल्क आणि राहणं मिळून एका वर्षाचा हिशोब दोन आकडी लाखांत जातो. कोर्स संपल्यावर तिथे काम करायचं तर व्हिसाचे नियम वेगळेच. म्हणून कर्ज काढून जाण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. कोर्स या वर्षी खरोखर प्रवेश घेतोय का, शिष्यवृत्ती कोणती मिळू शकते आणि मागच्या तीन-चार बॅचचे विद्यार्थी आज काय काम करताहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहितीपत्रकात नसतं. जुन्या विद्यार्थ्यांना मेसेज करूनच ते मिळतं.

फोटो काढणं आणि फिल्म बनवणं, दोन्ही एकच का?

नाही. आणि कोर्स निवडताना हा फरक कळणं फार गरजेचं आहे.

फोटोत एक क्षण पुरतो. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकी वेगवान शटर स्पीड लागते, तर काजव्यांसाठी याच्या उलट, ट्रायपॉडवर कॅमेरा लावून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. काजवे लुकलुकतात ते जोडीदाराला बोलावण्यासाठी. टॉर्च किंवा फ्लॅश मारला की तो संवादच तुटतो. म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग आणि किड्याचं जीवशास्त्र या दोन्ही गोष्टी एकाच रात्री माहिती असाव्या लागतात.

फिल्मला एक क्षण पुरत नाही. वाघीण पाणवठ्यावर आली, एवढ्यानं गोष्ट होत नाही. ती कुठून आली, पाण्यावर आधी कोण होतं, सांबरानं कान कधी टवकारले, ती गेल्यावर काय झालं, हे सगळं वेगवेगळ्या शॉटमध्ये हवं. लांबचा शॉट, मधला शॉट, जवळचा शॉट आणि मध्ये जोडायला आजूबाजूच्या गोष्टी. यातलं एक राहिलं तर एडिटिंग टेबलवर सीन जुळत नाही. म्हणून एका सीनसाठी कधी कधी एक अख्खा हंगाम जातो, आणि पुढचा हंगाम यायला वर्ष लागतं.

आवाजाचं गणित तर अनेकांना माहितीच नसतं. टेलिफोटो लेन्सनं २०० मीटरवरचा प्राणी जवळ दिसतो, पण त्याच्या पावलांचा आवाज माइकपर्यंत येत नाही. त्यामुळे वन्यजीव माहितीपटांमधले जवळचे बरेचसे आवाज नंतर स्टुडिओत तयार केले जातात किंवा वेगळे रेकॉर्ड करून जोडले जातात. ध्वनी हे स्वतंत्र करिअर आहे, आणि कॅमेऱ्याच्या मानानं तिथे गर्दी कमी आहे.

संशोधन, पटकथा, परवानग्या, रेकी, शूटिंग, रोज रात्री फुटेजचं वर्गीकरण आणि बॅकअप, संकलन, निवेदन, संगीत. यातलं शूटिंग फक्त एक टप्पा आहे. ज्यांना फक्त फील्डवर जायला आवडतं त्यांनी फोटोग्राफीकडे वळावं. ज्यांना महिनोन्‌महिने खुर्चीत बसून फुटेज लावायलाही आवडतं त्यांनी फिल्मचा विचार करावा.

कॅमेरा घ्यायला किती पैसे लागतात?

कोर्सला जाण्याआधीच कर्ज काढून लेन्स घेणं ही या क्षेत्रातली सगळ्यात महागडी घाई. व्यावसायिक लोक वापरतात ती ६०० मिमीची प्राइम लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते. १५०-६०० मिमीची झूम लेन्स नवीन घेतली तर साधारण लाखाच्या आसपास, वापरलेली त्याहून स्वस्त. शिवाय लेन्स भाड्यानंही मिळते.

पण महागडी लेन्स नसलेल्यांसाठीही विषय आहेत. कोळी, फुलपाखरं, बेडूक यांना ६०० मिमी लागत नाही. अधिवास दाखवणाऱ्या वाइड अँगलच्या फोटोंना तर नाहीच. नयन खानोलकर यांनी २०१६ मध्ये याच लंडनच्या स्पर्धेत शहरी वन्यजीव गटाचा पहिला क्रमांक जिंकला तो मुंबईतल्या आरे कॉलनीत टिपलेल्या बिबट्याच्या फोटोवर. वस्तीतल्या गल्लीत, प्राण्याच्या हालचालीनं आपोआप चालू होणारा कॅमेरा लावून तो काढलेला होता. त्यासाठी लागली ती बिबट्याच्या वाटेची माहिती, महिन्यांची वाट बघणं आणि वस्तीतल्या लोकांचा विश्वास. त्याच वर्षी बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ २' मालिकेनं मुंबईचे बिबटे जगाला दाखवले. म्हणजे विषय शोधायला आफ्रिकेत जावं लागत नाही.

पनवेलमध्ये राहून सराव कुठे करायचा?

पनवेलपासून साधारण १२ किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. १९६८ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुरुवातीला जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं, नंतर ते १२ चौरस किलोमीटरवर गेलं. मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो, वर कर्नाळा किल्ल्याचा सुळका. इथे जीप सफारी नाही, पायी फिरावं लागतं आणि शिकणाऱ्यासाठी तेच चांगलं. शामा, स्वर्गीय नर्तक, भृंगराज असे पक्षी इथे दिसतात. पावसाळ्याच्या तोंडावर तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा, पण अंगावर सगळे रंग घेऊन आलेला.

उरणकडे गेलं की पाणथळी आणि खाजणं. ठाणे खाडीत फ्लेमिंगो. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी. पावसाळ्यात माथेरान-प्रबळगडाच्या डोंगरात बेडूक, साप, खेकडे. एका विद्यार्थ्याला तीन वर्षं पुरेल एवढं सगळं लोकलच्या पासात आणि एसटीच्या तिकिटात.

रायगडाला या अभ्यासाची परंपराही आहे. पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर एकामागून एक घरटी विणतो आणि मादी पसंत पडलेलं घरटं ताब्यात घेते, हे त्यांनी दिवसेंदिवस एकाच वसाहतीसमोर बसून टिपलं. हातात महागडी साधनं नव्हती. एकाच जागी पुन्हा पुन्हा जायची तयारी होती.

मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, आजही पक्षीशास्त्राचे आणि निसर्ग अभ्यासाचे छोटे कोर्स घेते. मास मीडियाची पदवी करता करता असा एखादा कोर्स केला तर माध्यमांच्या दारातून आलेल्या विद्यार्थ्याची विज्ञानाची कमतरता बरीच भरून निघते.

कायदा काय सांगतो?

हा भाग बहुतेक फोटोग्राफी वर्कशॉपमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो. खरं तर तो पहिल्या दिवशी शिकवायला हवा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. अभयारण्यात फोटोग्राफीसाठी परवानगी देण्याची तरतूद त्याच्या कलम २८ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं त्यात फिल्ममेकिंगचा स्पष्ट उल्लेख आला आणि सोबत अटही आली. अधिवासात बदल न करता आणि अधिवासावर किंवा प्राण्यांवर वाईट परिणाम न होऊ देता हे काम करायचं. म्हणजे फांद्या तोडून फ्रेम मोकळी करणं हे परवानगी असली तरी बसत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कायद्यातल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत आहे. शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. आमिष लावणं, हाकून नेणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणं हेही त्या व्याख्येत येतं. घरट्यातल्या पिल्लांचा क्लोजअप घ्यायला पानं बाजूला सारली, तर तो 'फोटोसाठी केलेला छोटा बदल' राहत नाही. पानं गेली की पिल्लं ऊन, पाऊस आणि कावळ्यांसमोर उघडी पडतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं, घुबडासाठी उंदीर सोडणं, ड्रोन खाली उतरवणं हे सगळे याच रांगेतले प्रकार. ड्रोनसाठी तर विमान वाहतुकीचे नियम वेगळे आणि वनविभागाची परवानगी वेगळी.

लाइक्सच्या हव्यासापायी काय होतं, याचं उदाहरण ताजं आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या जीपगाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. व्हिडिओ व्हायरल झाला, वनविभागानं चालक आणि गाइडवर कारवाई केली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. गाडीत बसलेल्या प्रत्येकाला फोटो हवा होता. वाघिणीला फक्त रस्ता ओलांडायचा होता.

आणखी एक सवय शिकून घ्यावी लागते. घरट्याचं किंवा दुर्मीळ प्राण्याचं नेमकं ठिकाण सोशल मीडियावर टाकायचं नाही. लोकेशन टॅग बंद ठेवायचा. तिबोटी खंड्याचं एक घरटं व्हायरल झालं की पुढच्या रविवारी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते आणि पक्षी चोचीत सरडा घेऊन फांदीवर ताटकळत बसतो.

यातून खरंच काही बदलतं का?

बदलतं, आणि त्याचा पुरावा कायद्याच्या पुस्तकात आहे. माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर होणाऱ्या व्हेल शार्कच्या कत्तलीवर 'शोर्स ऑफ सायलेन्स' ही फिल्म बनवली. २००० मध्ये तिला ग्रीन ऑस्कर मिळाला. २००१ मध्ये व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात झाला, म्हणजे वाघाला आहे तेवढंच संरक्षण जगातल्या सगळ्यात मोठ्या माशाला मिळालं. सगळं श्रेय एका फिल्मचं नसतं, पण पाण्याखाली काय चाललंय हे दिल्लीत बसलेल्यांना दाखवण्याचं काम फिल्मनं केलं.

पनवेल-उरण पट्ट्याला हे जास्त लागू होतं. बंदर, महामार्ग, २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं नवी मुंबई विमानतळ, नवी गृहसंकुलं या सगळ्यात इथली भातशेती, खाजणं आणि पाणथळी झपाट्यानं बदलताहेत. भरतीचं पाणी आत येणं थांबलं की पाणथळ सुकते आणि सुकलेल्या जागेला लोक 'पडीक' म्हणू लागतात. तिथे कधी काळी हजारो पक्षी उतरत होते हे सांगायला तारखेसह काढलेले फोटो आणि फुटेज लागतं. आज कॉलेजात असलेल्या मुलांनी दर महिन्याला एकाच पाणथळीचं केलेलं चित्रीकरण पाच वर्षांनी दस्तऐवज ठरू शकतं. वाघाचा फोटो हजारो लोकांकडे आहे. अशी नोंद फार थोड्या लोकांकडे असते.

आणि पोट भरतं का?

सरळ उत्तर: फक्त फोटो विकून भरणं अवघड आहे. फोटोंचा बाजार गर्दीचा आहे आणि इंटरनेटवर बरंचसं फुकट मिळतं. जे टिकतात ते चार-पाच कामं एकत्र करतात.

माहितीपटांच्या टीममध्ये कॅमेरा असिस्टंट, रिसर्चर, ड्रोन ऑपरेटर, साउंड रेकॉर्डिस्ट, एडिटर लागतात. स्वयंसेवी संस्थांना आणि वनविभागाला जनजागृतीच्या फिल्म लागतात. जंगलातल्या रिसॉर्टना निसर्ग मार्गदर्शक लागतात. कुणी वर्कशॉप आणि फोटो टूर घेतं, कुणी लिहितं, तर कुणी वर्षातले सहा महिने लग्नांचे आणि प्रॉडक्टचे फोटो काढून उरलेले सहा महिने जंगलात घालवतं. त्यात कमीपणा काही नाही. सुरुवातीची काही वर्षं उत्पन्न अनियमित राहणार, हे घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मराठीत बोलता येणं ही इथे जमेची बाजू आहे. ताडोबा, मेळघाट, सह्याद्री किंवा कोकणात बाहेरची टीम शूटिंगला येते तेव्हा वनरक्षकाशी, गुराख्याशी, कोळ्याशी बोलून माहिती काढणारं माणूस त्यांना हवंच असतं. कित्येकांचं पहिलं काम असंच सुरू होतं.

महोत्सवांचाही उपयोग होतो. मुंबईचा मिफ्फ हा माहितीपटांचा जुना महोत्सव. २०२४ मध्ये तिथला व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार वन्यजीव चित्रपटकार सुब्बय्या नल्लमुथू यांना मिळाला. पुण्यात किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव भरतो. अशा ठिकाणी जाऊन फिल्म पाहाव्यात आणि बनवणाऱ्यांशी बोलावं.

थोडक्यात, प्रवेश घेण्याआधी काय करायचं?

बारावीनंतर लगेच ठरवायचं असेल तर आधी स्वतःला विचारा की तुम्हाला जास्त ओढ कशाची आहे. प्राणी समजून घेण्याची असेल तर विज्ञान, गोष्ट सांगण्याची असेल तर माध्यमं, प्रतिमेची असेल तर पदवीनंतर फिल्म इन्स्टिट्यूट. जे दार निवडाल, त्याच्या पलीकडचा विषय छोट्या कोर्समधून आणि स्वतःच्या सरावातून शिकायचा.

कोणतीही खासगी संस्था 'वाइल्डलाइफ फोटोग्राफी डिप्लोमा' देत असेल तर पैसे भरण्याआधी विचारा: प्रमाणपत्राला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे? फील्डवर किती दिवस नेणार? शिकवणाऱ्यांनी स्वतः काय बनवलंय? कायदा आणि नैतिकता शिकवता का? उत्तरं गोलमोल आली तर तेवढ्याच पैशात वापरलेली लेन्स आणि वर्षभराचा प्रवास निघतो.

आणि प्रवेशाआधी एक चाचणी घरच्या घरी घेता येते. जवळचं एकच ठिकाण निवडा. तलाव, खाजण, सोसायटीमागचं वडाचं झाड, काहीही चालेल. हातातल्या मोबाइलनं किंवा कॅमेऱ्यानं तीन महिने दर आठवड्याला तिथलं चित्रीकरण करा, वहीत तारीख, वेळ आणि काय दिसलं ते लिहा, आणि शेवटी त्यातून तीन मिनिटांची फिल्म जोडा. परदेशी विद्यापीठं असोत की इथली फिल्म इन्स्टिट्यूट, मुलाखतीत दाखवायला काहीतरी स्वतःचं लागतंच. आणि तिसऱ्या महिन्यातही पहाटे पाचला उठावंसं वाटत असेल, तर आईवडिलांशी बोलायला तुमच्याकडे चांगलं कारण आहे.